गोराईला जाऊन आपण काय बघतो?

समीक्षा म्हटलं की पुस्तक आठवतं, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. आज आम्ही समीक्षेला घेतली आहे ती एक सहल. बोरिवलीहून होडीने गोराईला, मालाडहून मार्वेमार्गे मनोरीला, नाहीतर भाईंदरहून उत्तनला जायची. इथे बसलेल्यांपैकी आणि हे व्याख्यान नंतर ऑनलाइन वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती कधी ना कधी केलेली असणार. कुणी शाळेतून, कुणी कॉलेजच्या ग्रुपबरोबर, कुणी रविवारी पोरांना घेऊन.

आता सहलीची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. पण सहलीची जागासुद्धा कुणीतरी रचलेली असते. तुम्ही कुठून आत शिरायचं, तिकीट कुठे काढायचं, कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, तुम्हाला काय दाखवायचं आणि काय भिंतीमागे ठेवायचं, हे सगळं आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. नाटकाच्या नेपथ्याला आपण जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारता येतात. फरक एवढाच, की नाटक पडलं तर निर्मात्याचे पैसे जातात. इथे रचना चुकली तर कुणाची होडी लावायची जागा जाते, कुणाचं वावर जातं, आणि मागे राहणाऱ्या लाखो लोकांची पुराविरुद्धची आडसुद्धा जाते. म्हणून ही समीक्षा करायची.

आधी जागा नीट समजून घेऊ.

पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला मनोरीची खाडी आणि तिचे गोराईपर्यंत शिरलेले फाटे. उत्तरेला वसईची खाडी. या पाण्याच्या मधे मनोरी, गोराई, उत्तन, चौक, पाली, डोंगरी अशी गावं आहेत. इतिहासात या भागाचं नाव धारावी बेट. शीव-माहीमजवळची धारावी ती वेगळी. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत हे बेट मोक्याचं होतं, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून राखता येतं. चौक गावाजवळ धारावी किल्ल्याच्या खुणा आजही आहेत. आता भाईंदरच्या बाजूने सरळ रस्ता आहे, त्यामुळे बेट हा शब्द थोडा सैलच वापरतो आपण. पण बोरिवलीच्या माणसाला ते अजून बेटच वाटतं. समोर दिसतं, पण मधे खाडी. होडीने गेलात तर काही मिनिटं, रस्त्याने गेलात तर दहिसर, मिरा रोड, भाईंदर, उत्तन असा भलामोठा वळसा.

भूगोलात ‘रोधक बेट’ असा एक प्रकार शिकवतात. किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांब पट्टा, त्याच्या समुद्राकडच्या अंगाला लाटा, आणि मागच्या अंगाला शांत, उथळ पाणी. गोराई-मनोरीचा पट्टा हे त्याचं पुस्तकी उदाहरण नाही, कारण त्याला खडकाळ टेकड्यांचा कणा आहे. पण तो काम मात्र तेच करतो. समुद्राचा मार पुळण आणि खडक झेलतात, म्हणून मागच्या खाडीत गाळ शांतपणे बसतो. गाळ बसतो म्हणून तिथे तिवर, कांदळ, चिपी रुजतात. या झाडांच्या मुळांत कोळंबीची, खेकड्यांची, माशांची पिल्लं वाढतात. आणि भरतीचं पाणी पसरायला तिथे जागा मिळते, म्हणून ते मागच्या वस्तीत कमी शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा लागते हे उपनगरांना चांगलंच कळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला, आणि २०१८ च्या निकालात ती मनाई कायम केली.

म्हणजे बघा, बोरिवलीतल्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणारा माणूस गोराईला कधीही गेला नाही, तरी गोराई त्याच्या कामाला येतच असते. हे लक्षात ठेवून आता पुढे जाऊ.

या पट्ट्यावर गेल्या तीसपस्तीस वर्षांत शहराने तीन मोठ्या गोष्टी रचल्या किंवा रचायला घेतल्या. त्या तिन्ही आपण एकेक करून बघू.

पहिली, एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये सुरू झालं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. पश्चिम उपनगरांतल्या निदान दोन पिढ्यांचं बालपण या नावांशी जोडलेलं आहे, आणि त्या आनंदाची चेष्टा करायचं आम्हाला काही कारण नाही. चाळीत, वन-रूम-किचनमध्ये वाढणाऱ्या मुलांना एक अख्खा दिवस पळायला, ओरडायला, भिजायला मिळाला. मैदानं आक्रसत चाललेल्या शहरात ही छोटी गोष्ट नव्हे. पण रचना म्हणून बघितलं तर एक गोष्ट खटकते. उद्यानाची स्वतःची होडी होती, स्वतःची जेट्टी होती. माणूस होडीत बसायचा, थेट फाटकात उतरायचा, दिवसभर पाळण्यांत फिरायचा आणि त्याच होडीने परतायचा. गोराई गाव त्याला दिसलंच नाही तरी चालत होतं. समुद्र तर त्याच्या पाठीमागेच राहायचा. लाटांच्या इतक्या जवळ माणसं येत होती ती कृत्रिम लाटांत खेळायला. हे उद्यान ठाण्यात, पुण्यात कुठेही बांधता आलं असतं. इथे बांधलं, कारण इथे मोकळी जमीन होती. म्हणजे या रचनेच्या दृष्टीने गोराई हा निव्वळ रिकामा प्लॉट होता. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डचे दरवाजे पर्यटकांसाठी बंद झाले. तेव्हा हळहळ झाली ती पाळण्यांबद्दल, आणि ते साहजिकच होतं. जागेबद्दल हळहळावं असं त्या पाळण्यांनी आपल्याला काही दाखवलंच नव्हतं.

दुसरी, ग्लोबल विपश्यना पॅगोडा. २००९ च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सत्यनारायण गोएंका यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही वास्तू यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर आहे. उंची ३२५ फूट. आत एकही खांब नाही, आणि आठेक हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. विजापूरच्या गोल घुमटाच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा हा दगडी घुमट आहे. दगड एकमेकांत अडकवून तो तोलला आहे. बांधकाम म्हणून ही थोर गोष्ट आहे, याबद्दल दुमत नसावं. आणि एस्सेलवर्ल्डपेक्षा तो या जागेशी जास्त प्रामाणिक आहे, असंही आम्ही म्हणू. त्याला इथली शांतता हवी होती, आणि ती त्याने मोडली नाही. बोरिवलीच्या खाडीकाठावरून तो सोनेरी कळस दिसतो, तेव्हा पलीकडे काहीतरी वेगळं आहे हे जाणवतं.

पण इथेही आपण बघायला शिकतो ते आत बघायला. मुख्य घुमटात साधकांनाच प्रवेश, बाकीच्यांनी काचेतून बघायचं. ते त्यांच्या नियमाप्रमाणे योग्यच आहे. बाहेर आल्यावर मात्र पर्यटक फोटो काढतो आणि पुन्हा जेट्टीकडे वळतो. गोराईच्या शांततेचा त्याने अनुभव घेतला, पण ही शांतता कुठून आली हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. ती आली आहे पूल नसल्यामुळे. आणि पूल नसण्याची किंमत रोज कोण भरतं, हे आपण थोड्या वेळाने बघणार आहोत.

तिसरी रचना सगळ्यात ताजी. गोराई जेट्टीजवळ, बोरिवलीच्या बाजूला, वन विभागाच्या कांदळवन कक्षाने हाती घेतलेलं कांदळवन उद्यान. तिवरांच्या मधून जाणारी उंचावरची पायवाट, वरून बघायला मनोरा, माहिती केंद्र. तिन्ही रचनांमध्ये ही आम्हाला सगळ्यात जास्त पटते. कारण इथे पहिल्यांदा जागा हाच विषय आहे. चिखल हा घाण नसून घर आहे, हे मुलाला चिखलाच्या वर उभं राहून कळू शकतं. तिवराची श्वासमुळं पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली दिसतात. त्याच्या पानावर बोट फिरवलं तर मीठ लागतं. निवटी चिखलावर उड्या मारताना दिसते. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. पण राज्यातल्या किती जणांनी चिपी पाहिली आहे? अशा उद्यानाने ती दाखवली तर तो मोठा लाभ आहे. खाडीपलीकडे ऐरोलीचं केंद्र, तिथून रोहित पक्षी बघायला निघणाऱ्या होड्या, यांनी मुलुंड-घाटकोपरच्या लोकांची ठाणे खाडीकडे बघायची नजर बदलली, हे आपण पाहिलं आहे. ज्या खाडीकडे लोक नाक दाबून बघायचे, ती २०२२ मध्ये रामसर यादीत गेली.

मग आमची तक्रार काय? तक्रार अशी, की या प्रकारच्या उद्यानात निसर्ग असतो, पण त्यातली माणसं नसतात. फलकावर तिवर असतो, खंड्या असतो, खेकडा असतो. तो खेकडा पकडणारी मावशी नसते. ओहोटीला चिखलात गुडघाभर उतरून चिंबोऱ्या, कालवं, निवट्या काढणाऱ्या बायका या खाडीत पिढ्यानपिढ्या आहेत. कुठल्या फाट्यात कधी काय मिळतं, कुठला चिखल पाय धरतो, कुठल्या झाडाचं लाकूड जळणाला बरं, हे त्यांना तोंडपाठ असतं. खाडीला लागून मिठागरं होती, तिथे मीठ पिकवणाऱ्यांना भरतीचं गणित घड्याळापेक्षा नेमकं कळायचं. हे सगळं ज्ञान फलकाबाहेर ठेवून आपण निसर्ग दाखवतो, तेव्हा नकळत एक गोष्ट शिकवतो: निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही तो. आणि एकदा ही शिकवण मनात बसली, की पुढची पायरी सोपी असते. जिथे माणूस दिसतो तिथे त्याचं अतिक्रमण दिसायला लागतं.

आता पुळणीवर येऊ. तिथे कुणीच काही रचलेलं नाही, असं वाटतं. पण आपण स्वतःची नजर घेऊन जातोच.

रविवारी गोराईच्या किनाऱ्यावर काय चालतं, तुम्हाला ठाऊक आहे. क्रिकेट, घोडागाडी, भजी, सेल्फी, आणि दुर्दैवाने बाटल्यांच्या काचा. थोडं पुढे उत्तनच्या बाजूला गेलात तर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. खाली जवळा, करंदी पसरलेली. आणि तिथून जाताना आपली मंडळी काय करतात? रुमाल काढतात. ‘किती वास येतो हो, हे इथून हलवत का नाहीत?’ असं वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. त्याच माणसाला संध्याकाळी सुक्या बोंबलाची चटणी चालते, हा भाग वेगळा.

हे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या सगळ्या प्रश्नाचं मूळ त्यात आहे. आपल्याला पुळण ही फिरायची जागा वाटते आणि बोंबील वाळत घालणं हा तिच्यातला अडथळा. कोळ्याच्या दृष्टीने पुळण ही कामाची जागा आहे. तिथे होडी ओढायची, जाळी दुरुस्त करायची, मासळी सुकवायची. सुकवायला ऊन लागतं, वारा लागतो, आणि सलग मोकळी जागा लागते. ती दोनशे मीटर आत नेऊन चालत नाही, आणि ‘हलवू’ म्हटलं तरी नेणार कुठे? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घर चालतं ते बऱ्याच अंशी सुक्या मासळीवर. म्हणजे तुमची मोकळी पुळण ही कुणाचंतरी कोठार आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद सहसा सापडत नाही, आणि हाच त्याचा दुबळेपणा आहे.

सातबाऱ्यावरून आठवलं. ही नजर कागदावर उतरली की काय होतं ते बघा. मुंबई महानगराच्या नियोजनात या पट्ट्याला एक नाव मिळालं, मनोरंजन आणि पर्यटन विकास क्षेत्र. नावातला प्रत्येक शब्द येणाऱ्या माणसासाठी आहे. मनोरंजन त्याचं, पर्यटन त्याचं, आणि विकासही त्याच्याच सोयीचा. राहणाऱ्या माणसासाठी त्या नावात एक अक्षर नाही. नंतर एमएमआरडीएला या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. मधल्या काळात विशेष आर्थिक क्षेत्राचाही प्रस्ताव आला होता. गावकऱ्यांनी, त्यात कोळी आले, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आले, शेती करणारे आले, या सगळ्याला जोरदार विरोध केला. गावठाणं, कोळीवाडे यांच्या हद्दी काय, आणि शेतजमिनीचं काय होणार, हे त्यांचे प्रश्न होते. नकाशा काढणाऱ्याला ती मोकळी हिरवी जागा दिसत होती. त्या हिरव्या रंगात भाताची खाचरं होती, भाजीचे मळे होते, नारळ होते. रंग एकच, पण एक हिरवा पिकवलेला असतो आणि एक रिकामा, हे नकाशात कळत नाही.

आणि गंमत म्हणजे, शहर या पट्ट्याकडे फक्त मजेसाठी येत नाही. मिरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो, त्याविरुद्ध तिथले लोक वर्षानुवर्षं भांडत आहेत. मुंबईला गोडं पाणी हवं म्हणून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प मनोरीला योजला आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या सागरी मार्गाच्या आराखड्यांतही या खाड्या आणि इथली कांदळवनं येतात. म्हणजे शहराची करमणूक इथे, शहराचं ध्यान इथे, शहराचा कचरा इथे आणि शहराचं पाणीही इथूनच. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचं समर्थन करता येईल. सगळ्या एकत्र मांडल्या की प्रश्न पडतो, एवढंसं बेट किती जणांची मागची खोली होणार?

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर ही समीक्षा खोटी ठरेल.

आपण शहरातली माणसं जेव्हा म्हणतो, ‘गोराई आहे तशीच राहू दे, पूल नको, रस्ता नको’, तेव्हा ते ऐकायला छान वाटतं. पण रात्री दोन वाजता बाळंतीण अडली तर? होडी बंद झाल्यावर छातीत दुखायला लागलं तर? कॉलेजला बोरिवलीला किंवा मालाडला येणारी मुलगी भर पावसात, खाडीला उधाण असताना रोज काय करते? मासळीच्या टोपल्या घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईची एक होडी चुकली तर तिचा किती माल उतरतो? आपली शांतता ही त्यांच्या गैरसोयीवर उभी आहे. त्यामुळे मार्वे-मनोरी पूल हवा असं म्हणणाऱ्या गावकऱ्याला ‘तुला निसर्गाची किंमत नाही’ असं ऐकवायचा आपल्याला अधिकार नाही. त्याला किंमत कळते. इतकी वर्षं तोच भरतो आहे.

आणि त्याच गावात दुसरा माणूस म्हणतो, पूल आला की मागोमाग बिल्डर येईल, आणि मग दवाखाना येईल पण आम्ही इथे नसू. हाही खरंच बोलतोय. मढ, वर्सोवा, चारकोपचं काय झालं ते त्याने पाहिलेलं आहे. दोघांचं म्हणणं परस्परविरोधी वाटतं, पण ते नाही. दोघांनाही एकच हवंय, इथेच राहून बरं जगता यावं. पहिल्याला जगण्याची चिंता आहे, दुसऱ्याला इथेच राहण्याची. आपली नियोजनाची भाषा या दोघांना एकत्र ऐकूच शकत नाही, कारण तिच्यात पर्याय दोनच आहेत: एकतर जपून ठेवलेला निसर्ग, नाहीतर विकास. जपलेल्या निसर्गात माणूस बसत नाही, आणि त्या विकासात त्याला घर परवडत नाही.

जगात कुणी यातून वाट काढली आहे का? एक उदाहरण देतो. ते आदर्श म्हणून नाही, तुलना करायला म्हणून. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर वाळूच्या रोधक बेटांची लांब माळ आहे. तिथे केप हॅटरास हे त्या देशातलं पहिलं राष्ट्रीय सागरकिनारा उद्यान झालं. कायदा १९३७ चा, उद्यान प्रत्यक्षात स्थापन झालं १९५३ मध्ये. त्या कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या आपण वाचायला हव्यात. एक, बेटावरची गावं उद्यानाच्या हद्दीबाहेर ठेवली. दोन, त्या गावांतल्या रहिवाशांना उद्यानाच्या हद्दीत मासेमारी करून पोट भरायचा हक्क कायद्यातच लिहून दिला. म्हणजे करमणुकीसाठी उद्यान करतानाच, करमणुकीच्या कायद्यातच, कामाचा हक्क लिहिला.

तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. वाळूवर गाड्या चालवू द्यायच्या की पक्ष्यांची, कासवांची घरटी राखायची, यावरून कोर्टकज्जे झाले. समुद्र पुढे येतोय, रोडांथे गावातली घरं अलीकडच्या वर्षांत लाटांत कोसळली. वाळूची बेटं सरकतात, तो त्यांचा स्वभावच आहे. १९९९ मध्ये तिथला विटांचा प्रचंड दीपस्तंभ रुळांवरून सुमारे २९०० फूट आत सरकवावा लागला. पण निदान एवढं तरी त्यांनी मान्य केलं, की किनारा हलतो आणि त्याच्याबरोबर आपणही हलायचं. आपल्याकडे पावसाळ्यात वाळू जाते, हिवाळ्यात परत येते, हे कोळ्याला लहानपणापासून माहीत असतं. आपण मात्र एका पावसात वाळू गेली की दगडी बंधारा घालायला धावतो, आणि मग वाळूला परतायला वाटच राहत नाही.

तर मग गोराईसारख्या जागेवरच्या उद्यानाला, सहलीला चांगलं कधी म्हणायचं? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पुस्तकाला आपण विचारतो तसेच.

पहिला, ही रचना इथेच का? ती उचलून दुसरीकडे ठेवली तर काही बिघडेल का? बिघडत नसेल, तर तिने ही जागा वाया घालवली. एस्सेलवर्ल्ड या प्रश्नावर नापास होतं. पॅगोडा अर्धा पास. कांदळवन उद्यान पूर्ण पास.

दुसरा, या रचनेत इथला माणूस काम करताना दिसतो का? नोकर म्हणून नाही हं. पार्किंगला उभा राहिलेला, भजी तळणारा, हे नाही. या पाण्याबद्दल, या चिखलाबद्दल त्याला जे कळतं ते सांगणारा म्हणून. माहिती केंद्रात खाडीत उतरणाऱ्या बाईचा आवाज असू शकतो. तिवराखाली तिची गावातली नावं लिहिता येतात. होडीवाल्याला भरती-ओहोटीचं गणित समजावून सांगायचे पैसे देता येतात. यात खर्च फारसा नाही. नजर बदलावी लागते, आणि ती नजर अजून कुठल्याच रचनेत दिसत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. आपण परत गेल्यावर सोमवारी ही जागा कुणाच्या कामाची राहते? वलांडी उभी राहायला जागा उरते का? होडी ओढायला पुळण उरते का? गावातल्या मुलीला कॉलेजला जायची सोय आणि गावात घर, दोन्ही मिळतात का? ज्या पर्यटन योजनेला या सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ती कितीही हिरव्या रंगात छापलेली असली तरी ती निसर्गाची योजना नव्हे. ती जमिनीची योजना आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही सामान्य माणसं, आम्ही काय करणार? आराखडे आम्ही थोडेच काढतो? बरोबर. पण आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा त्या द्यायचा हक्क आपल्यालाही असतो. आतापर्यंत तिथे उभे राहिले ते बहुतेक गावकरीच. खाडीच्या अलीकडचे आपण, ज्यांच्या घरात पाणी शिरू नये म्हणून ती पुळण आणि ते तिवर उभे आहेत, आपण त्या हरकतींत फारसे दिसत नाही. आपल्याला वाटतं हा त्यांचा प्रश्न. रविवारी मात्र ती आपली जागा असते. ज्या जागेवर आपण हक्काने मजा करायला जातो, तिच्यासाठी एक सही करायला काय हरकत आहे? आणि सही करताना ‘गावं हलवा, निसर्ग राखा’ असं न लिहिता ‘कोळीवाडा, शेत, मासळी सुकवायच्या जागा आधी नकाशात दाखवा’ असं लिहिलं, तर गावकऱ्यांच्या बाजूला पहिल्यांदाच शहर उभं राहील.

दुसरं अगदी साधं. पुढच्या वेळी जाल तेव्हा फाटकातून आत आणि फाटकातून बाहेर असं करू नका. गावातून चालत जा. परवानगी विचारून, आवाज कमी ठेवून. सुकी मासळी विकत घ्या, भाजी घ्या. वलांडीजवळून जाताना रुमाल खिशातच राहू द्या. मुलांनी विचारलं, ‘हे काय आहे?’ तर ‘चला पटकन’ म्हणू नका. सांगा, हे त्यांचं शेत आहे. आणि तुम्हाला सांगता येत नसेल तर तिथे बसलेल्या मावशींना विचारा. त्या सांगतील. बहुतेक वेळा आधी हसतील, मग सांगतील.

समीक्षकाचं काम हे की ज्याच्याकडे सगळे बघतात त्यात न दिसणारं दाखवायचं. या सहलीत न दिसणारी गोष्ट म्हणजे तिथे राहणारी माणसं, एवढंच आमचं आजचं म्हणणं. कांदळवन वाचवायला आपल्याकडे कोर्टाचा निकाल आहे, कक्ष आहे, राज्यवृक्ष आहे, आणि ते सगळं असायलाच हवं. मासळी वाळवायच्या पुळणीला मात्र अजून कुणाचंच पाठबळ नाही. ते आपल्यापासून सुरू व्हायला हरकत नसावी.

आता प्रश्न घेऊ. गोराई-उत्तनचं कुणी आलं असेल तर आधी त्यांनी बोलावं, अशी विनंती.